वर्दी न देता येणारी वीज

पाटण तालुक्यातल्या माणसाला वीज कधी येते हे शिकवावं लागत नाही. चैत्र-वैशाखातली दुपार तापत जाते, वारा पडतो, अंगाची काहिली होते, सह्याद्रीच्या माथ्यावर ढग चढायला लागतात. मग एकदम गार झुळूक येते आणि फुफाटा उडतो. एवढं झालं की रानातली माणसं झाडाखालून निघतात, गुरं गोठ्याकडे वळवली जातात. वळवाची वीज घातकीच, पण ती सांगून-सवरून येते. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम शिकलो तेव्हा आमची सगळी सावधगिरी याच अनुभवावर उभी होती. आभाळ बघा, कान उघडे ठेवा, वेळेत खाली उतरा.

आता माझं काम जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर, इशिकावा प्रांतात चालतं. पवनचक्क्या त्याच, स्पॅनर तेच, नॅसेलमधला ग्रीसचा वासही तोच. विजांचा हंगाम मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे नेमका बर्फाचा. कानाझावा शहरात वर्षाकाठी सरासरी ४० हून जास्त दिवस गडगडाटाची नोंद होते. जपानमधल्या वेधशाळांत हा आकडा सर्वांत मोठा, आणि त्यातला मोठा वाटा हिवाळ्याचा. गावी फोनवर हे सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "आरं, हिमात कुठं ईज पडती व्हय? कायतरीच बोलतुयास."

आबांची शंका रास्त होती. आपल्याकडे वीज आणि उकाडा यांची गाठ इतकी पक्की की एकाशिवाय दुसरं सुचत नाही. पण ढगाला उकाडा लागत नाही. खालच्या आणि वरच्या हवेतली तफावत लागते. हिवाळ्यात सैबेरियावरून कोरडी, अतिथंड हवा जपानच्या समुद्रावर उतरते. या समुद्रात दक्षिणेकडून त्सुशिमा नावाचा उबदार प्रवाह येतो. डिसेंबरात हात घातला तर बोटं आखडतील असं ते पाणी खरं म्हणजे दहा ते पंधरा अंशांचं असतं, आणि दीडेक किलोमीटर वरची हवा शून्याच्या खाली. त्या हवेच्या मानाने समुद्र चांगलाच गरम. खालून ऊब आणि वाफ घेत हवा उसळते, ढग बनतात, ते किनाऱ्यावर येतात आणि मागच्या डोंगरांवर चढताना बर्फ टाकतात. हे ढग बुटके असतात. उन्हाळी वादळी ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो, हिवाळी ढगाचा माथा पाच-सहा किलोमीटरवरच संपतो. खालून बघणाऱ्याला तो नुसता राखाडी दिसतो. त्याच्या पोटात वीज असेल असं त्याच्याकडे बघून वाटत नाही.

वीज तयार व्हायची तर ढगात तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. बर्फाचे बारीक स्फटिक, शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब, आणि ते थेंब चिकटत जाऊन बनलेल्या मऊ, पांढऱ्या गारा. गारा आणि स्फटिक एकमेकांवर आपटून सुटतात तेव्हा विद्युतभाराची वाटणी होते. उणे दहा अंशांच्या आसपास, कोणाच्या वाट्याला धन आणि कोणाच्या वाट्याला ऋण भार येतो याचं चित्र उलटतं. प्रयोगशाळेत हे बारकाईने मोजून १९७८ साली मांडलं ते त्सुतोमु ताकाहाशी या जपानी शास्त्रज्ञाने. आम्हा देखभालवाल्यांसाठी यातला कळीचा प्रश्न एकच: ही उणे दहाची हवा आज किती उंचावर आहे? उन्हाळ्यात ती सहा किलोमीटरच्या आसपास असते. डिसेंबरात दोन-तीन किलोमीटरवर, कडाक्याच्या थंडीत त्याहूनही खाली. म्हणजे विजेचं कोठार जमिनीच्या अगदी जवळ येतं. आणि त्याच्या खाली आम्ही ऐंशी मीटरचा टॉवर उभा केलेला, त्यावर चाळीस मीटरहून लांब पाती फिरत असलेली.

याचा परिणाम मला पहिल्यांदा फोटोंतून कळला. कानाझावाच्या उत्तरेला उचिनादा इथे खाजणाच्या काठी एक पवनचक्की, आणि तिच्या शेजारी विजेपासून बचावासाठी उभारलेला एक मनोरा. गिफू विद्यापीठाच्या संशोधकांनी या जोडीवर वेगवान कॅमेरे लावून हिवाळी विजांचा अभ्यास केला. अशा फोटोंत विजेच्या फांद्या वरच्या बाजूला फुटलेल्या दिसतात. आपल्या ओळखीची वीज ढगातून निघते आणि खाली येताना फुटत जाते. इथे ती पात्याच्या टोकातून निघते आणि ढगात शिरते. या किनाऱ्यावर हिवाळ्यात उंच बांधकामांवर नोंदल्या जाणाऱ्या विजांत अशा वर जाणाऱ्या विजा फार असतात. टॉवर नसता तर त्यांतल्या कित्येक झाल्याच नसत्या. वनकुसवड्यात आम्ही म्हणायचो, मशीनवर वीज पडली. इथे तसं म्हणताना जीभ अडखळते, कारण बऱ्याचदा ती आमच्या मशीननेच ओढून काढलेली असते.

ही गोष्ट मनात नीट उतरली की कामाकडे बघायची नजर बदलते. सह्याद्रीत मी विजेच्या वाटेतून बाजूला व्हायला शिकलो होतो. इथे मी ज्या शिडीवर उभा असतो तीच तिची वाट असते.

सकाळी साइटवर पोचल्यावर पहिलं काम 'केवाय'. सगळ्यांनी गोलात उभं राहून आजच्या कामात कुठे काय दगाफटका होऊ शकतो ते आधीच बोलून दाखवायचं, आणि शेवटी बोट रोखून मोठ्याने 'योशी!' म्हणायचं. सुरुवातीला मला हा शाळेतल्या कवायतीचा प्रकार वाटे. आमचे हांचो, म्हणजे टोळीचे मुकादम, साठीकडे झुकलेले, याच किनाऱ्यावर वाढलेले. ते हिवाळ्यात या गोलात दुसरं काही बोलण्याआधी टॅबलेट पुढे धरतात. जपानच्या हवामान खात्याचा विजांचा अंदाज २०१० पासून दर दहा मिनिटांनी येतो. पुढच्या तासाभरात कुठे वीज होऊ शकते, हे त्यात एक ते चार अशा पातळ्यांत दाखवलेलं असतं. चारला सगळेच थांबतात, त्यात शहाणपण नाही. आमच्याकडे समुद्रावर पातळी एकचा ठिपका दिसला तरी कोणी वर चढत नाही. त्या वेळी डोक्यावर कधी कधी चक्क ऊन असतं.

नवीन असताना मी एकदा विचारलं, "हांचो, अजून एकही गडगडाट ऐकू आला नाही, चढायला काय हरकत आहे?"

ते म्हणाले, "ऐकू येईल तेव्हा तू कुठे असशील?"

त्यांच्या प्रश्नामागे इथल्या विजेचा सगळ्यात वाईट गुण आहे. उन्हाळी वादळात विजांची रांग लागते. पहिली लांबवर होते, मग जवळ येत जाते, आणि त्या रांगेतून अंतराचा हिशेब मांडता येतो. चमक आणि आवाज यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असलं तर आसरा गाठा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका, हा जगभर शिकवला जाणारा नियम त्याच हिशेबावर उभा आहे. इथल्या हिवाळी ढगातून कित्येकदा एकच वीज होते. पहिली तीच शेवटची. जपानी लोक तिला 'इप्पात्सु-राइ' म्हणतात, एकाच बाराची वीज. ढगाची सगळी पुंजी त्या एकाच खेपेत रिकामी होते. शिवाय पडतं बर्फ आवाज पिऊन टाकतं. एरवी दहा-पंधरा किलोमीटरवरून ऐकू येणारा गडगडाट दाट बर्फात तीन-चार किलोमीटरपलीकडे पोचत नाही. तेवढं अंतर ढग काही मिनिटांत कापतो, आणि नॅसेलमधून अवजारं आवरून, हार्नेस तपासत, शिडीने जमिनीवर यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

बर्फातली वीज प्रत्यक्ष कशी दिसते हे आबांना सांगायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला. तिला रेघ नसते. आम्ही व्हॅनमध्ये बसून ढग जायची वाट बघत असतो, काचेवर बर्फ साचत असतं, वायपरने केलेल्या अर्धगोलातून टॉवरचा फक्त पाया दिसतो. अचानक सगळीकडून एकदम उजेड होतो. वरून, समोरून, जमिनीवरूनही, कारण हवेतला प्रत्येक हिमकण तो प्रकाश इकडून तिकडे फेकत असतो. उजेड कुठून आला हे डोळ्यांना ठरवता येत नाही. तो जांभळट असतो आणि मनात राहतो त्याहून कमी टिकतो. मागोमाग आवाज. सह्याद्रीत गडगडाट दऱ्यांतून घुमत जातो, त्याला शेपूट असतं. इथे एक जाड, आखूड धक्का बसतो आणि सगळं संपतं. अंगावर काटा येतो तो आवाज संपल्यानंतर, कारण पुढे काहीच घडत नाही. बर्फ तितक्याच संथपणे पडत राहतं.

त्याआधी एक खूण कधी कधी मिळते. हेल्मेटवर बर्फाचा आवाज येत नाही, पण मऊ गारांचा येतो. हा आवाज सुरू झाला की हांचो बोलणं अर्धवट सोडतात आणि गाडीकडे चालू लागतात. त्यांनी ताकाहाशींचा शोधनिबंध वाचलेला नाही. पण गारा म्हणजे भाराची वाटणी डोक्यावर चालू झाली, हे त्यांना वडिलांकडून कळलेलं आहे. वडील मच्छीमार होते. ही खूण खरी आहे, फक्त उशिराची आहे. जमिनीवरच्या माणसाला ती पुरते, टॉवरवरच्याला पुरत नाही.

वीज होऊन गेल्यावर आमचं खरं काम सुरू होतं. प्रत्येक पात्याच्या टोकाला धातूची चकती बसवलेली असते. वीज तिने घ्यायची, पात्याच्या आतल्या तारेतून हब, नॅसेल, टॉवर असं करत जमिनीत सोडायची, अशी योजना. टॉवरच्या बुडाशी एक मोठं वेटोळं गुंडाळलेलं असतं. किती प्रवाह गेला, किती वेळ गेला, ते त्यावरून कळतं. वीज नोंदली गेली की मशीन आपोआप थांबतं, आणि माणसाने प्रत्येक पातं तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करायचं नाही. ढग निवळले की ड्रोन किंवा दुर्बीण, संशय आला तर दोरावर उतरणारी माणसं.

विजांची ठिकाणं टिपणाऱ्या जाळ्याच्या नकाशावर कधी कधी मशीनने वीज नोंदलेल्या त्या वेळी काहीच नसतं. ही जाळी विजेच्या झटक्यासरशी उठणाऱ्या रेडिओ लहरी ओळखतात. खालून वर जाणाऱ्या काही विजांत तसा तीव्र झटका नसतोच. प्रवाह हळू चढतो आणि बराच वेळ वाहत राहतो. अशी वीज जाळ्यातून निसटते. आपल्याकडे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप शेतकऱ्यांच्या फोनवर असतं, आबांच्या फोनवरही मी ते घालून दिलं आहे. त्यांना मी विश्वासाने सांगतो, इशारा आला की रानातून घरी या. इथे स्वतःला तेवढ्याच विश्वासाने सांगू शकत नाही की नकाशा कोरा आहे म्हणजे पातं शाबूत आहे.

कारण नुकसान करतो तो झटका नव्हे, भार. एक अ‍ॅम्पिअरचा प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलॉम. साध्या उन्हाळी विजेतून जमिनीत उतरणारा भार बहुधा काही दहा कूलॉमच्या घरात असतो. इथल्या हिवाळी विजांत शेकड्यांनी कूलॉम मोजले गेले आहेत. प्रवाह सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ वाहत राहतो आणि चकतीचा धातू वितळून ओघळतो. त्याहून वाईट म्हणजे वीज चकती चुकवून पात्याच्या कडेतून आत शिरते. पातं फायबरचं, आतून पोकळ. आतली हवा आणि दमट कण एका क्षणात तापून फुगतात, आणि वाळलेली शेंग उकलावी तसं पातं मागच्या कडेने उकलतं. अशा पात्याखाली मी बर्फात उभा राहिलो आहे. फायबरचे तुकडे दूर भाताच्या खाचरांपर्यंत उडाले होते. हिवाळा होता म्हणून खाचरांत कोणी नव्हतं. त्या दिवशी आमच्या टोळीत कोणी फारसं बोललं नाही. एकेक तुकडा वेचून, क्रमांक टाकून, ताडपत्रीवर मांडत राहिलो. शेतमालक आजीबाईंनी चहाचा थर्मास आणून ठेवला, आणि वाकून आमचीच माफी मागितली की थंडीत तुम्हाला त्रास होतोय. माफी खरं म्हणजे आम्ही मागायची होती. ती हांचोंनी कमरेत पूर्ण वाकून मागितली.

पवनचक्कीच्या विजेपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय मानकं आहेत. त्यांतल्या सर्वांत कडक पातळीला ३०० कूलॉमचा भार धरलेला होता. जगात बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. जपानने आपल्या हिवाळी विजांच्या पट्ट्यासाठी ही मर्यादा दुप्पट केली, ६०० कूलॉम. कागदावर हा फक्त आकड्यातला बदल आहे. त्यामागे या किनाऱ्यावर अनेक हिवाळे उकललेली पाती आहेत, ताडपत्र्यांवर मांडलेले तुकडे आहेत.

या विजेने माणसांचेही बळी घेतले आहेत. फेब्रुवारी १९६९ मध्ये कोमात्सु तळाकडे परतणाऱ्या एका लढाऊ विमानाला वीज लागली आणि ते कानाझावा शहरातल्या वस्तीवर कोसळलं. घरात असलेली चार माणसं गेली. हांचो तेव्हा लहान होते. तो धूर त्यांना आठवतो, पण ते त्याबद्दल क्वचितच बोलतात. त्याच कोमात्सुजवळच्या कातायामाझु गावात १९०० साली उकिचिरो नाकाया जन्मले. हिमस्फटिक प्रयोगशाळेत बनवणारे जगातले पहिले शास्त्रज्ञ ते. बर्फाकडे वळण्याआधी त्यांनी विजेच्या ठिणग्यांवर संशोधन केलं होतं, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली. बर्फ आणि वीज यांची सांगड या मातीत आधीच घातलेली होती.

आणि तिचा तळ अजून लागलेला नाही. ६ फेब्रुवारी २०१७ च्या संध्याकाळी निइगाता प्रांतात, काशिवाझाकीच्या किनाऱ्यावर, तेरुआकी एनोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उपकरणांनी एका विजेनंतर गॅमा किरणांचा झोत टिपला. विजेने हवेतल्या नायट्रोजनच्या अणुकेंद्रांत बदल घडवून आणला होता, अणुप्रक्रिया झाली होती. त्या संशोधनासाठी लागणाऱ्या पैशांतला काही भाग सामान्य लोकांच्या वर्गणीतून उभा राहिला होता. ढग बुटके, जमिनीजवळ, म्हणून ते किरण हवेत विरून जाण्याआधी उपकरणांपर्यंत पोचले. जो जवळपणा आमच्या जिवावर उठतो, त्यानेच शास्त्रज्ञांना ही खिडकी उघडून दिली.

या विजेची वाट बघणारेही लोक आहेत. तोयामाच्या आखातावर हिमी नावाचं बंदर आहे. नोव्हेंबरअखेर पहिला गडगडाट झाला की तिथले मच्छीमार खूश होतात, कारण त्यासोबत बुरी हा मोठा, चरबीदार मासा किनाऱ्याला येऊ लागतो. त्या गडगडाटाला ते 'बुरी-ओकोशी' म्हणतात, बुरीला जागा करणारा. बाजारात त्या दिवशी वेगळाच उत्साह असतो. त्याच दिवशी आम्ही मशीनं बंद करून व्हॅनमध्ये बसलेलो असतो, आणि कार्यालयातून फोन येतो की वारा एवढा छान आहे, किती वेळ बंद ठेवणार?

प्रश्न चुकीचा नाही. हिवाळ्यातला हा वायव्येचा वाराच आमची वर्षाची कमाई. वारा आणि वीज एकाच ढगासोबत येतात. वीज टाळायची तर वाराही सोडावा लागतो. आमच्यासारख्या टोळीचं कसब मशीन किती लवकर सुरू केलं यावर मोजलं जातं, न चढलेल्या शिडीची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही. तरी ही नोंद मी माझ्या वहीत ठेवतो. तारीख, वेळ, समुद्रावरची पातळी, आणि पुढे दोन शब्द: 'चढलो नाही'. त्यातल्या बहुतेक दिवशी काहीच झालेलं नसतं. ढग येतो, थोडं बर्फ टाकतो, जातो. नव्या पोरांना हेच पचवणं जड जातं. वीज झाली असती तर थांबल्याचं चीज झालं असतं, असं त्यांना वाटतं.

वनकुसवड्याला मी खुणा वाचायला शिकलो, आणि त्या विद्येचा मला अजून अभिमान आहे. मे महिन्यात गावी गेलो की आबांच्या आधी मला ढग कळतो. पण खुणांवर चालणाऱ्या सावधगिरीत एक गृहीतक दडलेलं असतं, की निसर्ग आपल्याला आधी वर्दी देईल. वर्दी देणं हे त्याच्यावर बंधनकारक नाही. त्यातून जिथे ती घटना घडवण्यात आपल्या बांधकामाचाच हात आहे, तिथे वर्दीची वाट बघायचा हक्क आपल्याला तर मुळीच नाही. तिथे नियम आधी करावा लागतो, ऊन असताना, कानावर काही येत नसताना, आणि तो पाळताना दर वेळी पुरावा मागायचा नसतो.

उत्तरेला अकिताच्या बंदरांत, २०२२ च्या अखेरीपासून, समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्या वीज विकू लागल्या आहेत. पुढे येणारी मशीनं आमच्याहून खूप उंच आहेत. त्यांची टोकं त्याच बुटक्या ढगांच्या आणखी जवळ जाणार. ६०० हा आकडा ढगाने दिलेला नाही, तो आपण आपल्या अनुभवापुरता लिहिला आहे. तिथे कामाला जाणाऱ्या पोरांना मी एवढंच सांगतो की मानकातला आकडा पात्यासाठी आहे. माणसासाठी पातळी एक दिसली की शिडी बंद.